वाटेत इंदूर लागतं

धार आणि देवास यांच्या मध्ये इंदूर बसलं आहे, आणि विनीताच्या साऱ्या तक्रारींचं मूळ तेवढंच होतं. धार जिल्ह्यातली एखादी पोरगी फुटबॉल चांगला खेळते असं कळावं, तिनं बारावी पास व्हावं, देवासच्या कॉलेजात येते म्हणून शब्द द्यावा, बॅग भरून बसमध्ये बसावं आणि इंदूरच्या गंगवाल स्टँडवर जे उतरावं ते कायमचंच. पुढची बस काही ती धरत नसे. इंदूरच्या खासगी विद्यापीठांकडे हिरवळीचं मैदान, होस्टेल, नवे बूट आणि सकाळी उकडलेली अंडी. देवासच्या कॉलेजकडे मुरमाचं मैदान, लांबून दिसणारी माताजीची टेकडी, आणि विनीता.

विनीता या कॉलेजात क्रीडा अधिकारी होती. नाव मोठं, नोकरी कंत्राटी. पोरींच्या फुटबॉल संघाची कोचही तीच, मॅनेजरही तीच आणि चुना आखणारीही तीच. स्वभाव मात्र चौकस. एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. तिच्या सासूबाई, म्हणजे माई, याला नसत्या ठिकाणी नाक खुपसणं म्हणत.

तिच्या ऑफिसात भिंतीवर मध्यप्रदेशाचा नकाशा होता आणि त्यावर तिनं टिकल्या चिकटवल्या होत्या. जिथून पोरगी आली तिथं लाल, जिथून येता येता इंदूरला गेली तिथं काळी. प्राचार्यांना वाटे, बाईंनी काहीतरी व्रत घेतलं आहे. पण विनीता त्या टिकल्यांकडे चहाचा कप घेऊन तासन्‌तास बघत बसे, कारण त्यांचं गणित जमत नव्हतं.

सगळे म्हणत, जवळचं गाव ते आपलं. टोंकखुर्द देवासच्या दाराशी, तिथल्या पोरी काटक, पण तिथं एक लाल टिकली टिकत नव्हती. याचं कारण तिला उशिरा का होईना कळलं होतं. गाव जवळ म्हणून पोरगी रोज घरी जाते, आणि रोज घरी जाते म्हणून सराव रंगात येतो तेव्हाच तिची शेवटची बस असते. जवळ असणं हीच अडचण. पण तिरल्याच्या दोन पोरी आणि नालछ्याची एक, या तिघी धारच्याही पलीकडून, भर इंदूर ओलांडून देवासला आल्या होत्या आणि टिकल्या होत्या. का? बूट इथं फाटके, मैदान इथं खडबडीत. तिनं त्यांना विचारून पाहिलं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, बस, आलो, मॅडम.

आता कोडं सोडवत बसायलाही वेळ नव्हता. संघाची गोलकीपर जूनमध्ये लग्न होऊन रतलामला गेली होती. कॉलेजच्या संचालकांनी सांगून टाकलं होतं की यंदा संघ पुरा झाला नाही तर फुटबॉल बंद, मैदानावर नर्सिंगची इमारत उभी राहील. प्रवेशाची शेवटची फेरी चालू होती, राखी आठवड्यावर आली होती, आणि विनीताकडे दहा पोरी होत्या आणि उघडा गोल.

अशात धारच्या चिंतामणी सरांचा फोन आला. सर म्हातारे झाले होते, पण किल्ला मैदानावर अजून रोज सकाळी पोरींना खेळवत. विनीतालाही त्यांनीच खेळवलं होतं, ती नालछ्याहून सायकल मारत यायची तेव्हा. सर म्हणाले की एक पोरगी आहे, रुची, गणपतराव साळुंक्यांची. अशी गोलकीपर त्यांनी जन्मात पाहिली नाही. इंदूरवाले दोनदा घरी येऊन गेले, बाप नाही म्हणतो. तू येऊन बघ.

इंदूरला नाही म्हणणारा बाप! विनीताला पोरीइतकंच त्या बापाचंही कुतूहल वाटलं. रविवारी सुट्टी बघून जायचं ठरलं. नवरा विपुल कंपनीत पाळीवर होता, म्हणून गाडी चालवायला धाकटा दीर पीयूष आला. आणि माई म्हणाल्या, मीही येते, धार माझं माहेर आहे, साळुंके आपल्यातलेच आहेत, ओळख काढून देईन. माईंनी आदल्या दिवशी आपल्या चुलतबहिणीला, नर्मदाबाईंना, धारला फोनही करून ठेवला. विनीताला बरंच वाटलं. निघताना माईंनी पीयूषला कडक इस्त्रीचा आकाशी शर्ट घालायला लावला आणि पिशवीत एक नारळ आणि खण टाकला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण ती गोलकीपरच्या विचारात होती.

साळुंक्यांचं घर धारच्या एका गल्लीत होतं. खाली पंपाच्या मोटारी वाइंड करायचं दुकान, वर दोन खोल्या. गणपतराव स्वतः जिन्यापर्यंत सामोरे आले. खोलीत नवी चादर अंथरलेली, नर्मदाबाई आधीच येऊन बसलेल्या. बसल्या बसल्या गणपतरावांनी देवक विचारलं, कुळी विचारली, आणि माईंनी घडाघडा सांगितलीसुद्धा. विनीताला त्यात काही वावगं वाटलं नाही. माळव्यातली मराठी माणसं मूठभर, दोघं भेटली की आधी मूळ शोधतात आणि मग पाणी पितात.

मग पोहे आले. महाराष्ट्रात एखाद्या घरी मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली असती तर शेंबड्या पोरालाही उमगलं असतं की काय चाललंय. पण माळव्यात पोहे म्हणजे रोजची सकाळ. वर शेव, शेजारी जिलेबी, कोणाकडेही जा, तेच. त्यामुळे रुची साडी नेसून, खाली मान घालून ट्रे घेऊन आली, तरी विनीताचं लक्ष साडीकडे गेलंच नाही. ती पोरीचे खांदे बघत होती.

उंची चांगली होती. विनीतानं तिला दाराच्या चौकटीशी उभं राहायला सांगितलं आणि नजरेनंच माप घेतलं. मग विचारलं, गुडघे कधी दुखतात का? लवकर थकतेस का? भूक कशी आहे? राग येतो का? रुचीची आई भराभर उत्तरं देत होती, पोरगी शांत आहे, घरकामात चपळ आहे, कधी साधा तापही नाही. विनीता म्हणाली, हात दाखव. तेव्हा आईचा चेहरा उतरला. रुचीनं हात पदराआडून काढला. उजव्या हाताची करंगळी वाकडी होती आणि कोपराला खरचटल्याचे जुने काळे डाग.

आई घाईघाईनं म्हणाली की ते लहानपणचं आहे, कामात काही अडत नाही. पण विनीताचा चेहरा असा खुलला की घरातले बघतच राहिले. तिनं ती करंगळी हातात धरून वळवून पाहिली. वर आलेल्या चेंडूला दोन्ही मुठींनी तोंड देणाऱ्या पोरीचीच करंगळी अशी होते, तोंड चुकवणारीची होत नाही. आणि कोपर नुसतं उजवं नाही, डावंही काळवंडलेलं, म्हणजे पोरगी दोन्ही बाजूंना झेप घेते. विनीतानं माईंकडे बघून सांगूनच टाकलं की हीच पाहिजे. गणपतरावांनी बायकोकडे बघितलं. पोरीत खोट दिसल्यावर खूश होणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

नर्मदाबाईंनी समाधानानं हात चोळले आणि म्हणाल्या, मग आता मुलाला आणि मुलीला दोन घटका बोलू द्या.

विनीताला आधी कळेना, कोणता मुलगा. मग तिनं पीयूषकडे पाहिलं. पीयूष समोरच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला होता, त्याच्या बशीत बाकीच्यांपेक्षा जिलेब्या जास्त होत्या आणि त्याचे कान लाल झाले होते. मग तिनं माईंकडे पाहिलं. माई पदराचं टोक सारखं करत होत्या.

झालं असं होतं की चिंतामणी सरांनी पाठवलेला रुचीचा फोटो माईंनी विनीताच्या फोनवर पाहिला होता आणि एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं होतं. विनीताला गोलकीपर, पीयूषला बायको. धारची लेक देवासला द्यायची आणि देवासची धारला, हा व्यवहार पवारांच्या धार आणि देवास अशा दोन्ही गाद्या माळव्यात आल्या तेव्हापासून चालत आला होता. त्यात माईंना काही गैर दिसत नव्हतं. त्यांनी नर्मदाबाईंना कॉलेजचंही सांगितलं होतं आणि पीयूषचंही. नर्मदाबाईंनी आपल्या सोयीचं तेवढं पुढे पोहोचवलं.

विनीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कशीबशी सुरुवात केली, आपण देवासच्या कॉलेजातून आलो आहोत, फुटबॉलसाठी आलो आहोत, रुचीला संघात घ्यायचं आहे, फी माफ करून घेऊ. गणपतरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आता हा माणूस उठून जिना दाखवणार असं तिला वाटलं. पण ते शांतपणे ऐकत होते. इंदूरवालेही असंच सांगून गेले, ते म्हणाले. त्यांनी तर मैदानाचा व्हिडिओ दाखवला होता.

विनीताची लाज तिच्या चौकसपणापुढे टिकली नाही. तिनं विचारलं, मग तुम्ही नाही का म्हणालात?

"इंदूर मोठं आहे हो ताई, मान्य," गणपतराव म्हणाले. "पण तिथं आपलं कोण आहे? पोरगी आजारी पडली, कोणी काही बोललं, तर मी इथून दुकान बंद करून पोहोचेपर्यंत तिनं कोणाच्या दारात जायचं? मैदान घेऊन मी काय करू? मला तिच्यासाठी एक दार पाहिजे."

विनीताच्या डोक्यात एकाएकी दिवे लागत गेले. तिरल्याची पहिली, ती भोपाळ चौराह्याजवळ मावशीकडे राहते. दुसरीची आत्या देवासची. नालछ्याची पोरगी काकांच्या वरच्या खोलीत असते. तिघींच्या डब्यावर कोणा ना कोणा मावशी-काकूचं नाव कोरलेलं होतं आणि तिनं ते रोज पाहिलं होतं! ती वर्षानुवर्षं किलोमीटर मोजत बसली, बूट आणि गवत मोजत बसली, आणि पोरी निघाल्या होत्या त्या ओळखीच्या दाराकडे. इंदूरकडे सगळं होतं. पण या घरांतल्या लेकी पिढ्यान्‌पिढ्या देवासला दिलेल्या होत्या, त्यामुळे इथल्या अर्ध्या पोरींची आत्या नाहीतर मावशी देवासला सापडायची. ते इंदूरला विकत घेता येण्यासारखं नव्हतं.

"म्हणून तर म्हणतो," गणपतराव माईंकडे वळून म्हणाले, "तुमचं घर चांगलं आहे. साखरपुडा करून टाकू. मग रुची तुमच्या घरी राहिली तरी मला फिकर नाही, कॉलेज करो, फुटबॉल खेळो. सासरच आहे ते."

माईंचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि मांडीवर घेतला.

"आमची कशाला ना असेल," त्या म्हणाल्या. "खेळू देऊ की."

विनीताला गोलकीपर मिळाली होती. संघ पुरा झाला होता, मैदान वाचलं होतं, आता फक्त होय म्हणायचं होतं. पण ते तीन शब्द तिनं आधी ऐकले होते. सोळा वर्षांपूर्वी, नालछ्याला, तिच्या वडिलांच्या ओसरीवर, याच आवाजात, याच सहजपणे. तेव्हा ती जिल्ह्याची सेंटर फॉरवर्ड होती आणि ते ऐकून हरखून गेली होती. पुढं देवासला तिला कोणी अडवलं नाही, हे खरं. माईंनी तर एकदाही नाही म्हटलं नाही. सकाळी डबे होते, संध्याकाळी पाहुणे होते, मग पोट होतं, मग पोर होतं. खेळू का असं विचारायची वेळच आली नाही, आणि बूट माळ्यावर गेले. बी.पी.एड. करून शिट्टी गळ्यात अडकवली तेव्हा लोकांनी कौतुक केलं. मैदानाच्या कडेला उभं राहून तिला कधीकधी रडू यायचं, हे कोणाला माहीत नव्हतं.

तिनं रुचीकडे पाहिलं. पोरगी भिंतीला टेकून उभी होती आणि पदर मुठीत धरून बापाकडे, माईंकडे, पुन्हा बापाकडे बघत होती. चेंडू कुठून येतोय ते हेरत असावी तशी.

"नको, गणपतराव," विनीता म्हणाली. "खेळू देऊ म्हणणाऱ्या घरात मी सोळा वर्षं आहे. माणसं चांगली आहेत, त्यांनी मला कशाचं कमी पडू दिलं नाही. पण मी लग्नानंतर एकदाही बॉलला पाय लावलेला नाही. हिला सून करून आणलं तर हिचंही तेच होईल, आणि ते कोणाच्याच लक्षात येणार नाही. हिला इंदूरला पाठवा. मी तिथल्या कोचना ओळखते, मी स्वतः बोलेन त्यांच्याशी."

माईंचा नारळावरचा हात तसाच राहिला. पीयूषनं मान वर करून वहिनीकडे पाहिलं. या बाईनं कधी आवाज चढवला नव्हता आणि आताही चढवला नव्हता, म्हणूनच ते लागलं. सासूसमोर, परक्या घरात, विनीतानं घरचं सगळं चव्हाट्यावर मांडलं होतं, आणि गोलकीपरही हातची घालवली होती.

गणपतराव म्हणाले की ताईंचं म्हणणं कळलं, पण इंदूर नाही ते नाही. कोच म्हणजे घर नव्हे. तेवढ्यावर गोष्ट संपायची, पण रुची बोलली. पाहुणे घरात शिरल्यापासून तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. तिचं शिक्षण हिंदीत झालेलं, मराठी घरापुरती, आणि ती दोन्हींचा काला करून बोलत असे.

"पप्पा, देवासला आपलं कोणी असलं, तो पाठवाल?"

"तिथं कोण आहे आपलं?"

"असलं तर?"

"असलं तर हौ," गणपतराव म्हणाले. "बहीण-भाऊ, मावशी-आत्या, कोणी सख्खं पाहिजे. आता ते कुठून आणू?"

रुची आतल्या खोलीत गेली. नर्मदाबाई विनीताकडे रागानं बघत होत्या. माई खाली बघत होत्या. पीयूषला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं बशीतल्या शेवटच्या जिलेबीकडे हात नेला.

तो हात जिलेबीपर्यंत पोहोचलाच नाही. रुची बाहेर आली ती सरळ खुर्चीपाशी, आणि चेंडू धरावा तसं तिनं ते मनगट दोन्ही हातांनी धरलं. मामाच्या मुलांसाठी आणून ठेवलेल्या राख्यांपैकी एक तिच्या बोटांत होती, लाल रेशमाची, मध्ये सोनेरी बुट्टी. पीयूषनं काही म्हणायला तोंड उघडेपर्यंत गाठ बसली होती. वाकड्या करंगळीनं गाठ मारणं सोपं नसतं, पण ती पक्की बसली. मग तिनं तीच जिलेबी उचलून त्याच्या उघड्या तोंडात घातली.

"झाला भाऊ," ती बापाला म्हणाली. "देवासचा."

नर्मदाबाई म्हणाल्या, असं कसं, अजून राखीला आठ दिवस आहेत, मुहूर्त नाही, ओवाळणी नाही. पण त्यांनाही ठाऊक होतं की बांधलेली राखी सोडता येत नाही. पीयूष तोंडातली जिलेबी चावत नव्हता आणि गिळतही नव्हता. तो गाडी चालवायला म्हणून, खरं तर मुलगा म्हणून दाखवायला आणलेला, आणि बसल्या जागी भाऊ होऊन बसला होता. विनीताला त्याची कीव आली आणि हसूही आलं, आणि दोन्ही लपवायला तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

आता सगळे माईंकडे बघू लागले. त्या सगळ्यांत मोठ्या, मुलगा त्यांचा, नारळ त्यांच्या मांडीवर. त्यांनी मनात आणलं असतं तर पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं. माईंनी राखीकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. ते बघणं जरा लांबलं. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, रुचीच्या आईपुढे गेल्या, आणि होणाऱ्या सुनेच्या घरी म्हणून आणलेल्या खणानारळानं त्यांनी तिची ओटी भरली.

"माझी लेक म्हणून द्या," त्या म्हणाल्या. "सून नको. सून करून पाहिली एकदा, आता लेक करून बघते."

रुचीची आई पदराला डोळे पुसत हसली. गणपतराव उठून पीयूषपाशी आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माळवी ढंगात भाऊ म्हणून बजावलं, "भिया, आता मागे नाही फिरायचं." पीयूषनं जिलेबी गिळली आणि मान हलवली. बिचारा करतो काय.

परतताना पीयूष राखीचा हात स्टिअरिंगवर उंच धरून चालवत होता, जणू ती दुखावलेली जागा आहे. घाटाबिल्लोद गेलं, बेटमा गेलं. विनीता मनातल्या मनात माईंची माफी कशी मागायची ते जुळवत होती आणि जुळत नव्हतं, कारण बोललेल्यातलं काहीच तिला परत घ्यायचं नव्हतं. इंदूरच्या पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माईच बोलल्या.

"तुझे ते बूट माळ्यावर आहेत का गं अजून?"

"उंदरांनी खाल्ले, माई. कधीच."

"मला वाटलं तूच सोडलंस," माई म्हणाल्या. सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "पीयूष, एखादं खेळाच्या सामानाचं दुकान दिसलं तर थांबव."

राखी झाल्यावर रुची यायची होती. विनीता देवासच्या स्टँडवर तासभर आधीच जाऊन उभी राहिली. माईंनी मधली खोली झाडून पुसून ठेवली होती, पीयूषनं पलंग हलवला होता, सगळं ठरलं होतं, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. वाटेत इंदूर लागत होतं. गंगवालला उतरायचं, दुसरी बस धरायची, आणि एवढ्या वर्षांत ती दुसरी बस कितीजणींनी धरली नव्हती! एक बस आली, रिकामी झाली. दुसरी आली. सगळ्यांत शेवटी, खांद्यावर बॅग आणि हातात आईनं दिलेला लाडवांचा डबा घेऊन, रुची उतरली. डब्यावर तिच्या आईनं नवीन नाव कोरून घेतलं होतं. माई, देवास.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर बाकीच्या पोरी अजून यायच्या होत्या. रुची गोलात उभी राहून हातमोजे आवळत होती. विनीतानं चेंडू खाली ठेवला. नवे बूट टाचेला लागत होते. तिनं दोन पावलं मागं घेतली, धावली आणि मारला. चेंडू मरतुकड्यासारखा घरंगळत गेला. रुचीनं तो एका हातानं उचलला, क्षणभर बघितला आणि परत तिच्याकडे फेकला.

"वहिनी, असं नाही," ती म्हणाली. "जोरात मारा. मी आहे ना इथं."